पुसलेला फोटो

१

समारंभाचा केक बाहेर आणायचा म्हणून मिस्त्रीने कोल्ड रूमचं जाड दार ओढलं, तर दाराबरोबर आतून काहीतरी बाहेर कलंडलं आणि त्याच्या पायांवर येऊन पडलं. त्याच्या मागे ढकलगाडी धरून दोघी बायका उभ्या होत्या. त्यांना आधी फक्त पांढरी वाफ दिसली. ती लोटत बाहेर आली, फरशीवर पसरली, आणि मग विरली.

ते काका होते. आइस्क्रीमच्या त्या कारखान्याचे मालक. अंगात नवा कोट, भुवयांवर बर्फाचा भुरका, आणि उजव्या हाताची बोटं दारावर ठोकून ठोकून सोललेली.

मिस्त्री ओरडला नाही. यंत्रांची देखभाल करण्यात त्याचं अर्धं आयुष्य याच इमारतीत गेलं होतं. तो खाली बसला, काकांचं डोकं त्याने मांडीवर घेतलं आणि आपल्या हातांनी त्यांचे गाल चोळायला लागला. बराच वेळ चोळत राहिला. शेवटी कोणीतरी त्याचे हात धरले.

तेव्हा ठकी सभागृहात होती. कारखान्याचा वर्धापनदिन, खुर्च्या पाहुण्यांनी भरलेल्या, आणि फोटो काढायचं काम घरच्याच माणसाकडे, म्हणजे तिच्याकडे. ती काकांची पुतणी. आईवडील लहानपणीच गेले, तेव्हापासून काका-काकूंनीच तिला वाढवलं. लाकडी बाहुलीसारखी गप्प बसायची म्हणून काकांनी ठेवलेलं ‘ठकी’ हे नाव पुढे चांगली फोटोग्राफर झाली तरी चिकटूनच राहिलं.

त्या सकाळी तिचं मुळी डोकंच फिरलं होतं. पिशवीतून कॅमेरा काढला तो हाताला गार लागला. ऑफिसातल्या एसीखाली राहिला असेल, म्हणून तिने सोडून दिलं. पण पहिल्याच फोटोला लेन्स घर्र घर्र करत पुढे-मागे फिरायला लागली. बटण अर्धं दाबावं तर फोकस काही जागेवर बसेना. पाहुणे दारातून आत येतायत, काकू त्यांचं स्वागत करतेय, आणि पडद्यावर सगळं धुरकट. बटणं दाबून झाली, कॅमेरा बंद करून चालू करून झाला. पुढे लेन्स आपोआप ताळ्यावर आली. पण व्ह्यूफाइंडरच्या छोट्या खिडकीतून पाहिलं की अजूनही सगळं अंधूकच. ती नुसत्या अंदाजाने फोटो काढत राहिली आणि मनात काकांवर चिडत राहिली. समारंभ त्यांचा, आणि हेच अजून गायब.

मग आतून धावत कोणीतरी आलं.

तिला एवढंच आठवतं, की ती कोल्ड रूमच्या दारापाशी पोहोचली तेव्हा तिच्या नवऱ्याने तिला मागून धरलं. कारखान्यातलं उत्पादन तोच बघत असे आणि कामगारांपासून काकूपर्यंत सगळे त्याला जावईबापू म्हणत. “बघू नकोस,” तो म्हणाला. त्याचा आवाज फुटला होता. त्याने चष्मा काढून डोळे पुसले. चष्मा काढला की त्याचे बारीक डोळे एकदम मोठे होत, दुसऱ्याच कोणाचे वाटत. ठकीने त्याच्या खांद्यात तोंड खुपसलं.

आत माणूस अडकलाच तर दार उघडता यावं म्हणून कोल्ड रूमला आतून एक खटका असतो. तो तिथे नव्हता. कोणीतरी स्क्रू सोडवून काढून नेला होता.

पोलिसांना तो दुपारीच सापडला. काकांच्या मुलाच्या, ठकीच्या दादाच्या, टेबलाच्या खणात.

२

“तुम्ही म्हणता कॅमेरा बिघडला होता,” इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. बाई बोलायला मऊ होत्या, आणि त्यामुळेच ठकीला त्यांची जास्त धास्ती वाटत होती. “सुरुवातीचे फोटो अगदी धुरकट. पुढचे सगळे स्वच्छ. असं कसं?”

“माहीत नाही.”

“घरच्या माणसाला झाकायला कोणी फोटो मुद्दाम बिघडवतं, असंही असू शकतं.”

ठकीला क्षणभर समजेचना, की हे आपल्याला उद्देशून चाललंय.

दादाला पोलिसांनी नेलं होतं. समारंभाच्या आदल्या दिवशी बापलेकांचा आवाज ऑफिसाबाहेर ऐकू आला होता, हे अर्ध्या कारखान्याने सांगितलं. खटका त्याच्या खणात. आणि सकाळी सगळ्यात आधी येऊन कारखाना उघडणाराही तोच. पोलिसांचा हिशेब सरळ होता. काका सकाळी लवकर आले, तेव्हा बाकी कोणी नव्हतं, आणि दादाने त्यांना कोंडलं. “सकाळी ते ऑफिसात दिसले होते असं मिस्त्री म्हणतो,” बाई म्हणाल्या, “पण मिस्त्रीने दादाला कडेवर खेळवलंय. त्याच्या शब्दाला किती वजन द्यायचं?”

दादाने आयुष्यात झुरळसुद्धा मारलं नव्हतं. पण हे पोलिसांना सांगून काय उपयोग?

फोटोंच्या प्रती ठेवून पोलिसांनी कॅमेरा परत दिला, तो घेऊन ठकी तडक आत्याकडे गेली. आत्या म्हणजे काकांची धाकटी बहीण. बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं कॅमेरे दुरुस्त करायचं दुकान. लग्न केलं नाही, भावाकडे हात पसरला नाही, आणि घरात कोणाचं काही हरवलं की शोधून द्यायचं कामही वर्षानुवर्षं तिच्याचकडे. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता. पण ठकीने कॅमेरा पुढे केला तशी तिने नाक पुसलं आणि टेबलावरचा दिवा ओढला.

“काय होतंय याला?”

“ऑटोफोकस गेला. म्हणजे गेला होता. आता फोटो येतायत, पण आतून बघितलं की अंधूक दिसतं.”

“ही दोन दुखणी झाली,” आत्या म्हणाली. “एकदम नको. एकेक बघू.”

तिने लेन्स काढली, जोडाजवळचे सोनेरी कॉन्टॅक्ट भिंगाखाली तपासले. स्वच्छ. लेन्सवरचं ऑटोफोकसचं बटण जागेवर. समोरच्या भिंतीवर छापील अक्षरांचा तक्ता लावून तिने जवळून, लांबून, कमी उजेडात फोटो काढले. एकूण एक अक्षर सुईसारखं टोकदार.

“कॅमेरा ठणठणीत आहे.”

“मग माझंच चुकलं म्हणायचं?”

 आत्या त्या दिवशीचे धुरकट फोटो मोठे करून बघत होती. पहिला पाहिला, दुसरा पाहिला, परत पहिल्यावर आली. मग तिने हळूच खुर्ची मागे सरकवली.

“ठके, फोकस चुकला तर काय होतं?”

“समोरचा माणूस धूसर येतो.”

“आणि मागची भिंत स्पष्ट येते. किंवा पुढची खुर्ची. कॅमेऱ्याने कुठेतरी नजर लावलेली असतेच. यात बघ, काहीच स्पष्ट नाही, ना जवळचं ना लांबचं. आणि दिव्यांभोवती ही वलयं. पुढच्या फोटोत वलय लहान, त्याच्या पुढच्यात आणखी लहान.” तिने चेहरा वर केला. तो पांढरा पडला होता. “हा फोकसचा दोष नाही. लेन्सवर वाफ धरली होती. ती हळूहळू उडाली.”

“वाफ? कशाने?”

“गार वस्तू उबदार हवेत आणली की धरते तशी. त्या सकाळी तुझा कॅमेरा कुठे होता?”

३

“ऑफिसातल्या एसीत,” ठकी म्हणाली.

आत्याने वाद घातला नाही. दोघी शेजारच्या औषधाच्या दुकानात गेल्या. तिथला एसी माणूस काकडेल इतका लावलेला असे. दुकानदाराच्या परवानगीने कॅमेरा पिशवीत घालून त्याच्या थेट झोताखाली ठेवला आणि बसून राहिल्या. नंतर तो आत्याच्या दुकानात आणून दमट हवेत काढला. लेन्सवर डागसुद्धा नाही.

मग आत्याने मागच्या खोलीतल्या फ्रिजचा वरचा कप्पा रिकामा केला आणि कॅमेरा सरळ बर्फाशेजारी ठेवला.

“आत्या, तो खराब होईल.”

“होऊ दे.”

थोड्या वेळाने तिने तो काढला, पिशवीत घातला, पिशवी जरा वेळ बंद ठेवली आणि मग ठकीच्या हातात दिली. ठकीने चेन उघडली. कॅमेरा हाताला लागला मात्र, तिच्या अंगावर सरसरून काटा आला. हाच गारवा. समारंभाच्या सकाळी तळव्याला लागलेला नेमका हाच. तिने बटण अर्धं दाबलं. लेन्स घर्र घर्र करत पुढे गेली, मागे आली. पडद्यावर दुकानातला दिवा दिसत होता, वलयासकट.

सगळ्या कारखान्यात कॅमेरा इतका गार होईल अशी जागा एकच होती.

“म्हणजे माझा कॅमेरा,” ठकी म्हणाली आणि थांबली.

“दादाच्या बरोबर होता. आत.” आत्या आपल्या भावाला दादाच म्हणत असे. “आणि वाफ अजून धरत होती, म्हणजे तू काढायच्या जरासाच आधी बाहेर आला होता. पोलिस म्हणतात सकाळी लवकर कोंडलं, ते खोटं. पाहुणे येत होते तेव्हा कोंडलंय. डॉक्टर म्हणालेच ना, हृदय आधीच थकलेलं, थंडीने फार वेळ घेतला नाही. तू पिशवी ऑफिसात ठेवल्यापासून कुठे होतीस?”

“सभागृहात. खुर्च्या लावत होते. दादाबरोबर.” बोलता बोलताच ठकीला कळलं. “आत्या, दादा माझ्याबरोबरच होता. माईकवाले होते, मांडववाले होते, सगळ्यांनी बघितलंय त्याला. मी कॅमेरा आणायला जाईपर्यंत तो सभागृहातून हललाच नाही.”

“मग खटका त्याच्या खणात कोणी ठेवला?”

४

कॅमेरा आत नेलाच कशाला, हे मात्र दोघींना उमगेना. कोंडायला कॅमेरा लागत नाही.

उत्तर आत्यालाच सापडलं, आणि तेही साध्या गोष्टीतून. कॅमेरा प्रत्येक फोटोला क्रमाने नंबर देतो. ठकीने आदल्या संध्याकाळी घरच्या खिडकीतून एक फोटो काढला होता. त्याचा नंबर आणि समारंभाच्या पहिल्या धुरकट फोटोचा नंबर यांच्यामध्ये एक नंबर गाळलेला होता.

“एक फोटो काढला आणि पुसला,” आत्या म्हणाली. “पण पुसलेला फोटो कार्डावरून लगेच जात नाही. त्याच्या जागेवर दुसरं काही येईपर्यंत तिथेच पडून असतो. नवे फोटो बहुधा पुढच्या मोकळ्या जागेत बसतात.”

तिने कार्ड संगणकाला लावलं. पट्टी सरकत राहिली. ठकी उभी होती. बसवतच नव्हतं.

फोटो वरून खाली हळूहळू उलगडला. आधी स्टीलची भिंत. मग पांढरे केस. मग काका.

काका हसत होते. नवा कोट, एक हात केकच्या ताटावर, मान किंचित तिरपी. केक बाहेर आणला तर वितळेल, म्हणून फोटो आतच काढायचा, हे त्यांना किती सहज पटलं असेल. केक मांडून उजेड जमेपर्यंत कॅमेराही आतच गारठला असेल. ठकीने त्यांचे शेकडो फोटो काढले होते, पण त्यांना असं मोकळं हसताना तिला एकदाही पकडता आलं नव्हतं. दार बंद होण्याच्या क्षणभर आधीचा चेहरा हा असा होता.

“त्यांना वाटलं असेल तूच कॅमेरा पाठवलायस,” आत्या म्हणाली, आणि लगेच जीभ चावली.

पण बोलून झालं होतं. ठकी मागच्या खोलीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली. परत आली तेव्हा आत्या फोटोवर वाकली होती.

“बघ, किती कमी उजेड. तरी हात हललेला नाही. फोकस नेमका डोळ्यावर. ठके, हा शिकलेल्या माणसाने काढलाय.”

“पण घरात माझ्याशिवाय कोणाला कॅमेरा येत नाही.”

“असं आपण समजतो.”

५

दुसरं दुखणं अजून बाकी होतं. आतून पाहिलं की अंधूक, आणि फोटो मात्र स्वच्छ.

आत्याने व्ह्यूफाइंडरच्या कडेची बारीक चकती नखाने दाखवली. चष्मेवाल्यांना चष्मा काढूनही आत स्पष्ट दिसावं, म्हणून ती आपल्या नंबरप्रमाणे फिरवायची असते. “तू कधी फिरवलीस?”

“नाही. मला चष्मा नाही ना. ती मधोमधच असते.”

“आता ती पार उणेच्या टोकाला आहे. ज्याने हा फोटो काढला त्याने आपला चष्मा वर केला, चकती फिरवली, आणि मग काढला. त्याला लांबचं दिसत नाही. थोडंथोडकं नाही, अजिबातच.”

ठकीने कॅमेरा हातात घेऊन ती चकती निरखून पाहिली.

दुपारी आत्या कारखान्यात जाऊन मिस्त्रीला भेटली, ठकी तिच्या सोबत होती. दोरीला अडकवलेला चष्मा नाकावर चढवून मिस्त्रीने खटक्याची रिकामी भोकं दाखवली. “आदल्या दिवशी मी स्वतः तेल घातलंय याला, ताई. जागेवर होता.” लांबचं त्याला बिनचष्म्याचं दिसत होतं. अंगणाच्या पलीकडून येणारा माणूस त्याने नुसत्या चालीवरून ओळखला. “पोरगं निर्दोष आहे हो,” तो म्हणाला. “साहेब दोन दिवस बेचैन होते. वसतिगृहातली मुलं आपलं आइस्क्रीम खाऊन आजारी पडली ना, तेव्हापासून.”

काकूकडे गेल्या तर ती पडून होती. जाड भिंगांमागे तिचे डोळे एरवीही टपोरे दिसत, आता तर सगळा चेहराच डोळे झाला होता. ती भिंगं जवळचं दिसावं म्हणून होती. “मुदत संपलेली दूध-भुकटी कोणीतरी वापरली,” ती म्हणाली. “यांना ते सापडलं होतं. समारंभात सगळ्यांसमोर सांगून टाकायचं, कारखाना बंद करायचा, असं ठरवलं होतं. खरेदीवर सही दादाची. म्हणून त्याच्यावर ओरडले. तो म्हणत राहिला, मी न बघता सही केली. यांना पटलं नाही गं. पोटच्या पोरावर विश्वास ठेवला नाही.”

“हे आणखी कोणाला माहीत होतं?” आत्याने विचारलं.

“जावईबापूंना. त्यांना बोलावून सांगितलं यांनी, की छडा लावा. त्यांच्याशिवाय होतं कोण यांना?”

बाहेर आल्यावर आत्या जिन्यात थांबली. ठकीच्या हाताला तिने हात लावला नाही. तिच्याकडे बघितलंही नाही.

“ठके, मी काही म्हणत नाही.”

“त्यांना कॅमेरा धरताही येत नाही,” ठकी म्हणाली. तिला आपलाच आवाज लांबून ऐकू येत होता. “माझ्या कॅमेऱ्याला ते ‘माझी सवत’ म्हणतात. दोन वर्षांत एकदा हात लावला नाही. त्यातलं ओ की ठो कळत नाही त्यांना.”

“तसं असेल तर देव पावला,” आत्या म्हणाली. “पण बघायला तर हवं.”

६

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूच्या बैठकीच्या खोलीत सगळे जमले. मिस्त्री दाराशी टेकून उभा, काकू आरामखुर्चीत, जावईबापू खिडकीजवळ. इन्स्पेक्टरबाई साध्या कपड्यात कोपऱ्यात बसल्या होत्या. आत्याने त्यांना आधीच सगळं सांगून ठेवलं होतं.

“कॅमेरा दुरुस्त झाला की नाही, ते पोलिसांना दाखवायचंय,” आत्या म्हणाली. “प्रत्येकाने माझा एकेक फोटो काढा. ही इथे खिडकी, तिला डोळा लावायचा, बटण दाबायचं. बास.”

घरातून निघण्याआधी तिने ती चकती उलट टोकाला फिरवून ठेवली होती. आत पाहील त्याला सगळं अंधूकच दिसणार होतं.

काकूने कॅमेरा मोबाइलसारखा हातभर लांब धरला आणि विचारलं, दिसतं कुठे? मिस्त्रीने खिडकीला डोळा लावला, मग चष्मा चढवला, मग काढला. “धुरकट आहे ताई. गेला वाटतं परत.” तरी त्याने बटण दाबलं आणि कॅमेरा पुढे दिला.

“मला कशाला?” जावईबापू म्हणाला. “मला यातलं काही कळत नाही.”

“बटण तर दाबाल?”

त्याने कॅमेरा घेतला. कसाबसा, उलटासुलटा, नवख्याने धरावा तसा. ठकीच्या छातीवरचं ओझं थोडं हललं. बघ, तिने मनात म्हटलं. बघ आत्या, त्यांना धरता येत नाही.

मग त्याने डोळा लावला. आत अंधूक होतं. त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि अंगठ्याने, न बघता, न चाचपडता, ती चकती फिरवली. टक, टक, टक, टक. पार उणेच्या टोकापर्यंत. डावा हात आपोआप लेन्सखाली गेला, कोपर बरगडीला टेकलं, आणि फोटो निघाला.

त्याने कॅमेरा खाली घेतला तेव्हा त्याचे ते उघडे, मोठे डोळे सगळ्यांवरून फिरले, आणि आपण काय केलं ते त्याला समजलं.

“ती चकती तिथे असते हे तुम्हाला कोणी सांगितलं?” आत्याने विचारलं. आवाज अगदी घरगुती, चहा घेता का विचारावं तसा.

“हिनेच. कधीतरी दाखवली असेल.” तो ठकीकडे वळला. “दाखवली होतीस ना?”

सगळे तिच्याकडे बघत होते. एक ‘हो’ पुरलं असतं, हे ठकीला स्वच्छ दिसत होतं. त्याच्या कपाळावर चष्म्याखाली घामाचा थेंब होता. तो पुसायला तिचा हात सवयीने उठला, आणि अर्ध्यावर थांबला.

“नाही,” ती म्हणाली. “मी ती चकती कधी कोणाला दाखवली नाही. मला चष्माच नाही.”

आत्याने पुसलेल्या फोटोची छापलेली प्रत टेबलावर ठेवली. काकूने ती उचलली, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो शब्द नव्हता.

“मी फक्त कोंडणार होतो,” जावईबापू म्हणाला. तो फोटोकडे बघत नव्हता. “भाषण टळलं असतं. तेवढ्यात मी घेतलेली ती भुकटी हलवली असती. मारायचं नव्हतं मला.”

“मग खटका आधीच का काढलात?” इन्स्पेक्टरबाईंनी विचारलं. “आणि दादांच्या खणात का ठेवलात?”

त्याने कॅमेरा टेबलावर ठेवला.

“मी तुम्हाला विचारलं होतं,” ठकी म्हणाली. “सभागृहाच्या दारात. काका कुठे दिसले का, म्हणून. तुम्ही म्हणालात, येतील, कुठेतरी बोलत उभे असतील. तेव्हा ते जिवंत होते. ठोकत होते. तेव्हा का नाही उघडलंत?”

तो तिच्याकडे बघत राहिला, आणि एक क्षण तिला वाटलं की आता खरं उत्तर येईल. पण त्याने फक्त चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि डोळ्यांवर बसवला. डोळे पुन्हा बारीक, ओळखीचे झाले. ते ओळखीचे डोळे बघूनच ठकीला पहिल्यांदा भोवळ आली.

बाकीचं पोलिसांनी पुढे काढलं. याआधी दूरच्या एका गावात तो असाच एका कारखान्यात होता, तिथेही माणसं आजारी पडली होती, आणि तिथे सगळे त्याला फोटोंचा नादी म्हणूनच ओळखत. ती ओळख पुसायची म्हणून त्याने कॅमेरा सोडला होता. बायको फोटोग्राफर मिळाली तरी सोडलेलाच ठेवला.

७

दादाला सोडलं त्या सकाळी ठकी एकटीच त्याला आणायला गेली. तो दाढी वाढलेला, मळक्या सदऱ्यात पायऱ्या उतरून आला. ठकीने गाडीचं दार उघडलं, तो बसला.

घर जवळ आलं तसा तो म्हणाला, “थांबव जरा.”

तिने गाडी कडेला घेतली.

“ठके, तुझ्यावर काय आलंय ते मला कळतं. तू धीराची आहेस. पण मला एक सांग. आत कोठडीत मी दुसरा विचारच करू शकलो नाही.” तो समोरच्या काचेकडे बघत होता. “बाबा माझ्यावर ओरडले ना, ते शेवटचं. त्यांना खात्री होती, ते मीच केलं. हेच मनात घेऊन गेले ते. मी हात जोडून सांगत होतो, बाबा, मी नाही. ऐकलं नाही त्यांनी. आता कुठे जाऊन सांगू?”

रस्त्यावरून सायकलवाले जात होते. एका दुकानाचं शटर वर गेलं. ठकी दोन्ही हातांनी चाक धरून बसली होती. जे तिला बोलायचं होतं ते तिच्या स्वतःच्या संसारावर घाव घालत जाणार होतं, पण दुसरा इलाज नव्हता.

“दादा, त्यांना कळलं होतं.”

“काय?”

“तू नाहीस, हे. फोटो काढून झाला, आणि दार कोण लावतंय ते त्यांनी समोर उभं राहून बघितलं.”

दादाने दोन्ही तळव्यांत तोंड झाकलं. किती तरी वेळाने त्याचे खांदे हलायला लागले. ठकीने गाडी बंद केली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून तिथेच बसून राहिली.